मागच्या दाराने येणारी बाई

आमच्या शाळेच्या वर्धापनदिनाला माझा सत्कार झाला. मानपत्रात ‘पेडणे तालुक्यातल्या गरीब मुलींच्या शिक्षणाचे आधारस्तंभ’ असे शब्द होते. मी शाल घेतली, नारळ घेतला, फोटोसाठी उभा राहिलो आणि घरी येऊन पोटभर जेवलोही. पण माझं वय आता असं आहे की पुढच्या समारंभाला मी असेनच, असं सांगता येत नाही. मी गेल्यावर ते मानपत्रच खरं ठरेल. म्हणून आताच लिहून ठेवतो की आधारस्तंभ मी नव्हतो. एक बाई होती, आणि तिने शाळेला देऊ केलेली मदत एके काळी परत पाठवणारा मी होतो.

तिचं नाव लिहीत नाही. नाव छापून आलेलं तिला खपत नसे. गावात तिला नुसतं ‘बाई’ म्हणत. सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवून ती निवृत्त झाली होती आणि हळर्णच्या वाटेवर एका कौलारू घरात राहत होती. बुटकी, काटक, लुगडं घोट्याच्या बरंच वर नेसलेलं आणि पायांत पुरुषी कॅनव्हासचे बूट. बूट कशाला, असं कोणी विचारलंच तर म्हणे, “मागल्या दारांनी कुत्रे खूब आसतात रे पुता.”

मागच्या दारांशी तिचा संबंध होता हे खरंच. कोणाच्याही घरी ती पुढच्या दाराने कधी गेली नाही. चतुर्थीला लोक पुढच्या ओसरीवर पाहुण्यांची वाट बघत बसलेले असत, आणि ही मागून शिरून चुलीपाशी पातोळी खात बसलेली असे. मामलेदाराच्या बंगल्यावरही ती विहिरीकडून गेली आणि शिपायाने तिला भाजीवाली समजून भाव विचारला, अशी गोष्ट सांगतात. तिने भाव सांगितला, घासाघीसही केली म्हणे, आणि मग आत जाऊन मामलेदारासमोर बसली. त्यालाही ती ‘बाबू’ म्हणायची. तो एके काळी तिच्या वर्गात होता की नव्हता, याने काही फरक पडत नसे.

“पुढल्या दारांत माणसां आसतात,” ती म्हणायची, “मागल्या दारांत घर आसता.”

त्या काळी आमच्याकडे पगारदार माणसाच्या बहुतेक घरांत कामाला एखादी मुलगी ठेवलेली असायची. काही गावातल्याच गरिबाघरच्या असत. बऱ्याचशा चिरेखाणींवर आणि बांधकामांवर राबायला आलेल्या बेळगाव, कोल्हापूरकडच्या मजुरांच्या मुली. त्यांत कोणाला काही वावगं वाटत नसे. बाई मागच्या अंगणात उभी राहून एकच गोष्ट शोधायची. दगडी कुंपणाच्या गडग्यावर, न्हाणीच्या कट्ट्यावर, कुठेतरी एखादी ताटली वेगळी ठेवलेली असे. घरातल्या भांड्यांत न मिसळणारी. ती दिसली की बाई ओळखायची, इथे एक मुलगी आहे. मग ती ताटली उचलायची, विसळायची आणि सरळ स्वयंपाकघरात नेऊन घरच्या ताटांच्या चळतीत मधोमध सरकवून द्यायची. एक शब्द न बोलता. बायका तिला घाबरत त्या याच कारणाने.

तिच्या पूर्वायुष्याविषयी गावात तीन कथा होत्या. कोणी म्हणे ती लहानपणी एका भाटकाराकडे, मोठ्या जमीनदाराकडे, झाडलोट करायची आणि खिडकीबाहेर उभी राहून त्याच्या मुलांचा धडा ऐकत शिकली. कोणी म्हणे तिचं लग्न ठरलं होतं आणि तिने हळदीच्या दिवशीच नकार दिला. कोणी आणखी काही म्हणे. मी एकदा तिला विचारलं, यांतली खरी कोणती?

“तिनूय खऱ्यो,” ती म्हणाली. “आनी चवथी आसा ती तुका कित्याक सांगूं?”

भावाच्या पश्चात तिच्याकडे काजूचा एक डोंगर आला होता. दर हंगामाला ती त्याची पावणी करायची, म्हणजे लिलाव पुकारून तो डोंगर हंगामापुरता कसायला द्यायची. घेणारा तिथेच भट्टी लावून हुर्राक आणि फेणी काढायचा. बाई स्वतः दारूच्या थेंबालाही शिवत नसे, पण चैत्रात भट्टीपाशी उभी राहून कामावर नजर ठेवायची, त्यामुळे तिच्या लुगड्याला तो वास लागायचा. गावातली मुलं कुजबुजत, बाई पिऊन आली. या डोंगराचं सगळं उत्पन्न मुलींच्या शिष्यवृत्तीला जाई. त्यामागचा तिचा हिशेब सरळ होता. “बापूस पितलोच. तो माझ्या डोंगरावयलें पियेलो जाल्यार ताचे पयशे परत ताच्या धुवेच्या दप्तरांत घालूंक म्हाका येता.”

शिष्यवृत्तीही जगावेगळी. मार्क बघून ती कोणाला दमडी देत नसे. एका गृहस्थांची मुलगी वर्गात पहिली आली म्हणून ते पेढे घेऊन तिच्याकडे गेले. पेढे तिने ठेवून घेतले आणि म्हणाली, “पयलें येतल्याक सगळे जाण दितात. तुमच्या चेडवाच्या वर्गांत शाळेकच येना जाल्लें चेडूं कोण तें सांगा.” मुलीच्या हातात पैसे, पुस्तकं, असंही ती काही ठेवत नसे. मुलीच्या आईच्या घरी तांदूळ जायचे. दर महिन्याला, मुलगी कामाला जाऊन जेवढं आणत होती त्या मोलाचे. मुलगी शाळेत दिसली की तांदूळ, नाही दिसली की नाही. “पुस्तकां सरकार दिता गो,” ती सांगायची. “तांदूळ कोण दिता? चेडवाच्या मजुरीन घर चलता, तें शाळेंत बसलें जाल्यार घरांत चूल कोण पेटयतलो?” आम्ही हायस्कुलातली माणसं शिष्यवृत्ती म्हणजे बुद्धिमत्तेचा गौरव समजायचो. शिष्यवृत्ती म्हणजे पोरीच्या मजुरीची भरपाई, हे आमच्या डोक्यात शिरायला पुढे बरीच वर्षं गेली.

मी तेव्हा हायस्कुलात इतिहास शिकवायचो. शिवाय गावात प्राथमिक शाळेची पक्की इमारत उभी राहत होती, तिच्या समितीचा चिटणीसही होतो. दिवस भाषेच्या वादाचे होते. कोकणी की मराठी, यावरून घराघरांत दोन तट पडले होते आणि घटकराज्याची चर्चा जोरात होती. पेडण्यात, डिचोलीत आम्ही मराठीवाले. मोर्च्यांत घोषणा देऊन देऊन माझा आवाज असा तयार झाला होता की ध्वनिक्षेपक बंद पडला तर मला पुढे करत. मुलाला त्याच्या भाषेत शिक्षण मिळालंच पाहिजे, या विषयावर मी कुठेही, कितीही वेळ बोलायचो.

आणि माझ्या घरी कस्तुरी होती. बेळगावकडची. तिची आई आमच्याजवळच्याच चिरेखाणीवर दगड उचलायची. गावाकडे दुसरी इयत्ता करून आलेली ही मुलगी बायकोच्या बाळंतपणात मदतीला म्हणून एका मुकादमाने आणून दिली, ती राहिली. माझा मुलगा चालू लागला तरी राहिली. दर चतुर्थीला मुकादम यायचा आणि तिचा पगार घेऊन जायचा. त्या वर्षी तो आगाऊच येऊन म्हणाला, “मास्तर, पोरगी आता मोठी झाल्या. किनाऱ्यावर एका लॉजमध्ये जागा हाय. दुप्पट देत्यात.”

कसला लॉज, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं आणि मग काहीतरी करावं लागलं असतं. मी म्हणालो, “चतुर्थीची कामं उरकू दे. मग न्या.”

इतकंच बोललो होतो. कस्तुरी तेव्हा पाठमोरी बसून नारळ खवत होती. तिचा हात एकदा थांबला आणि पुन्हा चालू झाला.

त्यानंतर काही दिवसांनी बाई आमच्या मागच्या दारात उभी राहिली. मी नेमका घरी होतो. तिने गडग्यावरची ताटली उचलली, विसळली, पण या वेळी ती चळतीत ठेवली नाही. चुलीपुढे बसकण मारून ती ताटली तिने बायकोपुढे धरली. “वाड गो म्हाका. भूक लागल्या.”

बायको चपापली. “बाई, त्यात कशाला? दुसरं ताट देते ना.”

“कित्याक? हातूंत किदें आसा? चेडूं जेवता न्हय हातूंत?”

त्या पोचे आलेल्या ताटलीत ती शांतपणे भात-आमटी जेवली. हात धुताना मला म्हणाली, “काल तुज्या भाषणाक हांव आयिल्लें. बरें उलयतोस. भुरग्याक ताची भास मेळूंक जाय म्हणालोस. ह्या भुरग्याक खंयची भास मेळ्ळ्या रे? कोंकणी काय मराठी? भांडीं दोनूय भासांनी घासूंक येतात.”

मला राग आला. खरं बोललेलं लागतं तसा. मी म्हणालो, ती इथे पोटभर जेवते, अंगभर कपडे घालते, आईकडे राहिली असती तर दगड उचलत बसली असती. “मुकादम परवा म्हाका फेरीबोटीर मेळ्ळो,” बाई म्हणाली. “खंय व्हरता तेंय सांगलें ताणें.” आणि बूट घालून निघून गेली.

त्या रागाच्या भरात मी जे केलं तेही इथे लिहिलं पाहिजे. त्या वर्षी बाईने आपली शिष्यवृत्ती शाळेमार्फत वाटायची तयारी दाखवली होती. म्हणजे तांदळाबरोबर शाळेचा शब्दही मुलींच्या घरी गेला असता. मी समितीची बैठक बोलावली आणि विद्येच्या मंदिराला दारूचा पैसा चालणार नाही, असं जोरदार भाषण केलं. ठराव एकमताने झाला. बैठकीतले निम्मे सभासद संध्याकाळी तीच फेणी घ्यायचे. ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. निरोप द्यायला मीच गेलो. बाई ओसरीवर काजूच्या बिया निवडत बसली होती. “बरें,” एवढंच म्हणाली. मग मान वर करून, “तुजो आवाज मात व्हड हां बाबू. तो खंय तरी कामाक येतलो.”

मग इमारतीच्या उद्घाटनाचा दिवस आला. आमच्याकडे नव्या कामाचा आरंभ गाऱ्हाणं घातल्याशिवाय होत नाही. देवापुढे नारळ धरून गावातला जाणता माणूस देवाला साकडं घालतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यावर जमलेला गाव एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. ढोल वाजतो. हे आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेलो. ‘म्हाराजा’ हा शब्द ठरावीक हेलात कानावर पडला की तोंडातून ‘व्हय’ आपसूक बाहेर येतं. पुढचा काय म्हणाला ते ऐकलेलंही नसतं. आणि एकदा ‘व्हय’ म्हटलं की तो देवाला दिलेला शब्द.

त्या दिवशी गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्याची दाढ सुजली होती. त्याला ‘बा देवा’च्या पुढे शब्द फुटेना. पाहुणे खुर्च्यांवर चुळबुळत होते, मुहूर्त टळत होता. इतक्यात मंडपाच्या मागच्या बाजूने, स्वयंपाकाच्या भांड्यांमधून वाट काढत, बाई पुढे आली.

“गालांत लाडू धरलास काय रे? दी हांगा,” म्हणत तिने नारळ त्याच्या हातातून घेतला.

बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत नाही. कोणीतरी “अगो बाई...” असं म्हणालंही. पण ढोलवाला तिचा जुना विद्यार्थी होता. तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्याने टिपरी मारली.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज तुज्या कृपेन गावच्या भुरग्यांक पक्की शाळा जाली म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“हिच्या भिंतीक चीर नाका, कौलाक गळती नाका म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“शिकयतल्याक बरी बुद्ध दी, शिकतल्याक बरी याद दी म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

आवाज चांगला लागला होता तिचा. गाव रंगात आला. मी समितीचा चिटणीस म्हणून सर्वांत पुढे उभा होतो आणि मोर्च्यात कमावलेल्या आवाजात ‘व्हय’ म्हणत होतो.

“जीं चेडवां ह्या गावांत दुसऱ्याचीं भांडीं घासतात, तीं सोमारा सावन ह्या शाळेंत बसतलीं म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“जाच्या घरांत तीं आसात, तो आपूण हात धरून तांकां हाडून पावयतलो म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तांकां कोण गावाभायर व्हरूंक आयलो, तर गाव ताका वाट दिवचो ना, गाडी दिवचो ना म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आनी ह्या मास्तराच्या घरचें कस्तुरी सगळ्यांत पयलें येतलें म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सर्वांत मोठा आवाज माझाच होता. तोंडातून निघून गेल्यावर मला तो ऐकू आला.

“आनी हांगा व्हय म्हणून जो घरा वचून ना म्हणटलो, ताचें तूंच पळय म्हाराजा!”

या शेवटच्या ‘व्हय’ला निम्म्या गावाचा आवाज खाली गेला होता, पण गेला तो हेलातच. बाईने नारळ फोडला, एक भकल मला दिलं आणि आली तशी भांड्यांमधून निघून गेली. पाहुणे टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, सगळं आधी ठरलेलं आहे.

घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो, “त्या वेड्या बाईचं काही मनावर घेऊ नको.”

“ती पिशी आसूं,” बायको म्हणाली, “तुमी पिशे न्हय मू? बायलांमदीं बसून हांवें आयकलां. तुमचोच आवाज सगळ्यांत व्हड. देवामुखार दिल्लें उतर तें. सोमारा कस्तुरी शाळेंत वतलें.”

“आणि भांडी?”

“व्हय म्हणपी घासतलो.”

सोमवारी कस्तुरी तिसरीच्या वर्गात बसली. माझ्या घरातून तिचा हात धरून मीच तिला नेलं. हौसेने नव्हे, बायको दारात उभी होती म्हणून. वाटेत पाहिलं तर पोस्टमास्तर एका मुलीला घेऊन चालला होता आणि दुकानदाराची आई दुसरीला. कोणीच कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं.

चतुर्थी उलटली आणि मुकादम आला. मी हायस्कुलात होतो. बायकोने त्याला सांगितलं, मुलगी शाळेत गेली आहे. तो थेट शाळेत गेला आणि मधल्या सुट्टीत अंगणातून कस्तुरीचं मनगट धरून तिला बाहेर काढलं. शिक्षिका ओरडत मागे धावली. मला कळलं तेव्हा मी तासावरून उठून धावत तिठ्यावर गेलो. मोटारसायकलवर भाड्याने माणसं नेणारे आमचे पायलट तिथे उभे असतात. मुकादम बाबलो पायलटाशी बोलत होता. कस्तुरीचं मनगट अजून त्याच्या हातात होतं.

“चोपड्याच्या फेरीबोटीपातूर सोड. मागशील ते देतो.”

“तुका सोडटां,” बाबलो म्हणाला. “चेडवाक ना.”

“का? तुज्या बापाची हाय काय ती?”

“बापायची न्हय. पूण हांवें व्हय म्हटलां.”

“कुणाला म्हटलंस?”

बाबलोने हनुवटीने नव्या शाळेकडे खूण केली. “थंय, देवामुखार.”

मुकादम दुसऱ्या पायलटाकडे वळला. “हांवूंय थंयच आशिल्लों मरे,” तो म्हणाला. तेवढ्यात म्हापशाची बस आली. मुकादम मुलीला घेऊन चढला, तर गावातल्याच ड्रायव्हरने इंजिनच बंद केलं आणि बिडी पेटवली. एरवी बस थोडी रखडली तरी आरडाओरड करणारे उतारू खिडकीबाहेर बघत गप्प बसून राहिले. शेवटी मुकादम खाली उतरला. मला पाहून त्याला जोर आला.

“ह्ये बगा, मास्तरच आलं. मास्तर, तुमीच म्हनलासा न्हवं, चवतीनंतर न्या म्हणून?”

सगळा तिठा माझ्याकडे बघू लागला. कस्तुरीही.

“म्हणालो होतो,” मी म्हणालो. “ते चूक होतं. ती कुठेही जाणार नाही.”

माझं सगळं शौर्य एवढंच. तेही बाकीचे सगळे आधी बोलून झाल्यावर. मुकादमाची पकड सैल झाली तशी कस्तुरीने मनगट सोडवून घेतलं. मला वाटलं ती माझ्याकडे येईल. ती माझ्या बाजूने, माझ्याकडे न बघता, सरळ शाळेकडे चालत गेली. मधली सुट्टी संपल्याची घंटा होत होती.

मी बाईकडे गेलो. सगळं सांगितलं. माझी पाठ थोपटली जाईल अशी कुठेतरी आशा होती. ती म्हणाली, “तांदूळ धाडले?”

“कुठे?”

“ताच्या आवयक. मुकादम फाल्यां तिजेकडेन वतलो. तिका खावपाक दिल्याबगर तें चेडूं शाळेंत उरतलें व्हय? घे तें पोतें. तूंच व्हर.”

पोतं मी चिरेखाणीवर घेऊन गेलो. कस्तुरीच्या आईला मी तोपर्यंत कधी पाहिलंच नव्हतं. केसांपासून पावलांपर्यंत ती तांबड्या धुळीने माखलेली होती. मी मास्तर, मुलगी माझ्याकडे होती, आता शाळेत जाते, हे तांदूळ दर महिन्याला येतील, असं सगळं मी सांगितलं. तिने हात लुगड्याला पुसून पोतं चाचपलं. मग विचारलं, “साळंत मारत न्हाईत न्हवं तिला?”

“नाही,” मी म्हणालो.

“तुमच्यात मारत हुतं म्हणत हुती.”

मी मारलं नव्हतं. बायकोने मारलं असेल, किंवा घरात तेव्हा माझी म्हातारी आई होती, तिने. मी कधी विचारलं नव्हतं, तर मला काय माहीत असणार? मी पोतं तिच्या झोपडीत नेऊन ठेवलं आणि परत आलो.

कस्तुरी त्यानंतर बाईच्या घरी राहायला गेली. तिथे आणखी काही मुली होत्याच. सकाळी पदेराची सायकल वाजली की पावासाठी त्या सगळ्या अंगणात धावत येत. समितीने तो ठराव गुपचूप मागे घेतला. आणि बाईने मला शिक्षा दिली. तांदूळ घरोघर पोचवायचे ते मी, वर्षानुवर्षं. “तुजो आवाज व्हड, तुका लोक वळखतात,” ती म्हणायची. ती स्वतः स्टेजवर चढत नसे, फोटोत येत नसे. पोती दिसायची माझ्या खांद्यावर. लोक म्हणू लागले, मास्तरांची शिष्यवृत्ती. मी आधी ‘नाही हो’ म्हणायचो. मग नुसताच हसायचो. मग तेही सोडलं.

कस्तुरी दहावी झाली तेव्हा बाई तिला घेऊन आयटीआयला गेली. मीही बरोबर होतो. तिथला कारकून म्हणाला, मुलींसाठी शिवणकाम आहे. बाई म्हणाली, “फाटिल्लें शिंवपाक हें धा वर्सांचें आसतनाच शिकलां. आतां ताका वीज शिकय.” तो म्हणाला, खांबावर चढावं लागतं. “मागीर? माडार चडटात ते दादलेच? तूं चडून दाखय म्हाका.” कारकून जाडजूड होता. त्याने मुकाट्याने प्रवेश दिला.

बाई गेली ती काजूच्याच हंगामात, भट्टीवरून परत येताना, वाटेवर बसल्या बसल्या. डोंगर तिने मुलींच्या नावे करून ठेवला होता. आज तो त्याच सांभाळतात. पावणी करतात, तांदूळही जातात, फक्त आता पोत्याऐवजी बँकेतून. कस्तुरी डिचोलीला वीज खात्याच्या सबस्टेशनवर ऑपरेटर आहे. माझ्या सत्काराला ती समोर बसली होती. नंतर तिचा फोन आला.

“मास्तर, शाल बरी होती.”

मी तिला भेटायला गेलो. म्हणालो, मी हे सगळं लिहून काढणार आहे, जसं झालं तसं. तुझी हरकत आहे का?

“लिहा की,” ती म्हणाली. “पण लिहून तुम्हाला बरं वाटेल, दुसऱ्या कोणाला काय?” आणि लगेच पुढे, “इथल्या कॉलनीत तुमचे एक जुने सोबती राहतात. आंदोलनातले. त्यांच्याकडे कामाला एक पोरगी आहे, चंदगडकडची. आईबाप औद्योगिक वसाहतीत. तांदळाचं मी आईशी बोलून घेतलंय. ते गृहस्थ सोडत नाहीत. माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील.”

काल गेलो. जुना मित्र, फार आनंद झाला त्याला. मोर्च्यांच्या आठवणी निघाल्या. चहा घेऊन एक मुलगी आली, बारा-तेरा वर्षांची, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. मी विषय काढला तसा त्याचा चेहरा बदलला.

“अरे, ती आमच्या घरच्यासारखीच आहे. तिला काही कमी नाही. तू आता मला शिकवायला आलास?”

“नाही,” मी म्हणालो. “मी तुझ्यापेक्षा वाईट होतो, ते सांगायला आलो.”

आणि सांगायला लागलो. नारळ खवताना थांबलेला हात सांगितला, गाऱ्हाणं सांगितलं. तो हसला, त्यालाही तो हेल ठाऊक होता. मग तिठा आला. बाबलो पायलट, बंद केलेली बस, मुकादमाच्या हातातलं मनगट. तिथे थांबून मी चहाचा कप उचलला.

“मग?” दाराकडून आवाज आला. “न्हेली काय त्यानं तिला?”

माझ्या मित्राने वळून पाहिलं. मुलगी गोंधळली, आत जायला वळली.  मग त्याने शेजारची खुर्ची पायाने पुढे सरकवली.

“उभी कशाला राहिलीस? बस इथे. ऐक.”

ती खुर्चीच्या कडेवर बसली. मी कप खाली ठेवला आणि पुढचं सांगू लागलो.